दादाचं कर्नल

दादाला दवाखान्यातून घरी आणलं त्यानंतरचे महिने मला आवाजांवरून आठवतात, चेहरे त्या मानाने कमी. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या आमच्या घराला मागच्या बाजूला पडवी होती. पहाटे नाना, म्हणजे आमचे वडील, तिथे मेथी-शेपूच्या जुड्या टेम्पोत रचायचे, त्याचा ओला, दबका आवाज माझ्या खोलीत यायचा. पंचवटीच्या मार्केटला माल वेळेत पोचवायचा असायचा. पूर्वी हे काम करताना ते कोणाशी ना कोणाशी फोनवर मोठ्याने बोलत असत आणि मी उशी कानावर घेत असे. आता ते बोलायचे नाहीत. टेम्पोचं फळकंसुद्धा हाताने धरून हळूच लावायचे, कारण अक्षयची झोप मोडू देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईने मिक्सर कपाटात ठेवून दिला आणि ठेचा, चटणी सगळं पाट्यावर सुरू केलं. टीव्हीवर जुन्या साडीचा तुकडा टाकला होता. घरात वरवंट्याची घरघर, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आणि दादाच्या चपला, एवढंच उरलं होतं. एक चप्पल फरपटायची, दुसरी नाही.

दादा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. इंजिनिअरिंग संपवून पुण्याच्या एका कंपनीत रुजू व्हायची वाट बघत होता. नाशकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे वळणावर वाळू पडलेली होती, तिच्यावरून मोटरसायकल घसरली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. बाकी अंगाला फारसं काही लागलं नाही, आणि त्यामुळे भेटायला येणारे लोक म्हणायचे, काही झाल्यासारखं दिसत तर नाही. तो जेवायचा, चालायचा, आम्हाला सगळ्यांना ओळखायचा. पण वाटीला 'ते, भाजीचं' म्हणायचा. दोन ओळी वाचल्या की कपाळ दाबून डोळे मिटायचा. सकाळचं काही दुपारी विचारलं तर आपण पाहुणे असल्यासारखा नम्रपणे हसायचा. हे नम्र हसणं त्याचं नव्हतं. माझा भाऊ घरात कोणाशीही नम्रपणे वागलेला मला आठवत नाही. दुपारी आई त्याला पडवीत जुड्या बांधायला बसवायची. एक जुडी मुठीएवढी, दुसरी दोन्ही हातांत न मावणारी. तो आत गेला की आई त्या सोडून परत बांधायची.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बस पकडायचे, लेक्चरला बसायचे, घरी यायचे. एकदा मावशी सटाण्याहून आली होती, तिने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि आईकडे बघितलं. वरणात मीठ नव्हतं. किती दिवस नव्हतं कोणास ठाऊक, आम्ही चौघंही रोज तेच जेवत होतो. आजही कोणी विचारतं, त्या काळात खूप रडली असशील ना? नाही रडले. दात काढायच्या आधी हिरडीत इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं काहीतरी होतं. त्याला मी सहनशक्ती म्हणणार नाही.

दादाने कॉलेजात असताना एक कर्नल लिहायला घेतलं होतं. पहिल्यांदा त्याने जेवताना हा शब्द काढला तेव्हा नानांनी विचारलं होतं, "कर्नल म्हंजे फौजेतला?" दादा म्हणाला, "नाही हो नाना. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जो उठतो, आणि मग बाकीच्यांना उठवून कामं वाटून देतो, तो प्रोग्राम." नाना भाकरी मोडत म्हणाले, "मग तुझी आईच की ती." त्या वेळी आम्ही फार हसलो होतो. पुढे सुट्टीभर तो त्यातच होता. लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर चालवता येतो, त्यात त्याचं कर्नल सुरू व्हायचं, काळ्या पडद्यावर एक ओळ उमटवायचं, आणि कीबोर्डवर दाबलेली अक्षरं दाखवायचं. तो ते सी भाषेत लिहीत होता. असली कामं सीमध्येच करायची असतात, असं तो म्हणायचा, आणि तो ज्या सुरात म्हणायचा त्यावर प्रश्न विचारायची सोय नसायची.

कोडमध्ये प्रोग्रामरला स्वतःसाठी टिपणं लिहिता येतात, यंत्र ती वाचत नाही. दादा ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'आई हाक मारतेय, जेवून येतो.' अपघातानंतर मी एकदा लॅपटॉप उघडून बसले होते तेव्हा मला ही ओळ दिसली आणि मी ती आईला वाचून दाखवली. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "परत वाच." नंतर ती अधूनमधून यायची आणि म्हणायची, ते माझं वाच गं. डॉक्टर एकदा सहज बोलून गेले होते की ओळखीच्या वस्तू त्याच्या आसपास असू द्या. आईने ते औषधासारखं धरलं. तिच्या मते या सगळ्या ओळखीच्या वस्तूंमध्ये सगळ्यात ओळखीचं ते कर्नल होतं. तो बरा झाला की ते उघडेल, जिथे थांबला तिथून पुढे लिहील. तोवर ते कोणीतरी जपायचं.

म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी दादाचंच कर्नल पुढे नेते असं सांगितलं. खरं म्हणजे दुसरं काही सुचण्याइतकं डोकं चालत नव्हतं. माझ्यासोबत फरहा होती. जुन्या नाशकात राहायची, वडिलांचं घड्याळांचं दुकान. तिला माझ्या घरातलं सगळं माहीत होतं, पण ती कधी सांत्वन करायची नाही, आणि म्हणूनच मला तिच्याबरोबर बसता यायचं. आमचे मार्गदर्शक देवरे सर. त्यांनी दादालाही शिकवलं होतं. ते म्हणाले, "अक्षयचं काम आहे म्हणजे पाया पक्का असणार. वर मजले चढवा."

पाया पक्का नव्हता. कर्नल सुरू व्हायचं, थोडा वेळ चालायचं, आणि मग अचानक पडदा काळा होऊन सगळं पहिल्यापासून सुरू. कधी लवकर, कधी उशिरा. कधी कीबोर्डला हात न लावता. आम्ही आठवडेच्या आठवडे ते शोधत होतो. शेवटी फरहाने एक जागा पकडली: मेमरीचा एक तुकडा एका कामाला दिलेला, तो परत घेऊन दुसऱ्याला दिलेला, आणि तरी पहिलं काम त्याच तुकड्यात लिहितच राहिलेलं. ती जागा दुरुस्त केली तर चार दिवसांनी तसंच दुसरीकडे निघालं. मग तिसरीकडे. सी तुम्हाला अडवत नाही. तुम्ही जाणते आहात असं धरून चालते आणि तुम्ही म्हणाल ते करते.

कॅन्टीनमध्ये मिसळ पुढ्यात घेऊन बसलो होतो तेव्हा फरहा म्हणाली, "एक बोलू? रागवायचं नाही."

"बोल."

"हे सोडून देऊ आपण. रस्टमध्ये पहिल्यापासून लिहू."

रस्टबद्दल तेव्हा कॉलेजात थोडेच लोक बोलायचे. ती भाषाही सीसारखीच यंत्राच्या अगदी तळाशी काम करू शकते, पण तिच्यात मेमरीचा कोणता तुकडा कोणाच्या ताब्यात आहे हे लिहितानाच सांगावं लागतं. सांगितलेलं जुळलं नाही तर कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, पुढे जाऊच देत नाही. फरहा घरी थोडं थोडं शिकत होती. तिने मला फोनवर तिचं लिहिलेलं दाखवलं. मी ते बघितलं, पाव बुडवला, खाल्ला. मला रागही आला नाही आणि बरंही वाटलं नाही. मी म्हटलं, "सरांना विचारू."

सरांना ते पटलं नाही. सर सटाण्याचे, चिडले की घरची बोली यायची. "हे काय नवीन शे?" ते म्हणाले. "पुस्तकं सगळी सीची. जगात चालणारी बहुतेक कर्नलं सीमध्ये. बाहेरून येणारा परीक्षक सीवाला. आणि हार्डवेअरला हात घालायचा म्हटलं की तुमच्या त्या रस्टमध्येही अनसेफ म्हणून, कंपायलर तपासत नाही अशी, खिडकी उघडावीच लागते. मग फायदा काय? अडकलात तर मी काही सांगू शकणार नाही, मला ती भाषा येत नाही."

फरहा म्हणाली, "सर, खिडकी कुठे उघडलीय ते तरी कळतं. सीमध्ये भिंतच नाहीये."

सर माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं? भाऊ तुझा आहे."

मी काही ठरवून गेले नव्हते. पण बोलायला लागल्यावर मला माझंच म्हणणं ऐकू आलं. मी म्हटलं, "सर, कोणता तुकडा कधी कोणाकडे आहे हे दादाच्या डोक्यात होतं. कोडमध्ये ते कुठेच लिहिलेलं नाही, सीमध्ये लिहावं लागत नाही. तो असता तर चाललं असतं. आता ते त्याच्याही डोक्यात नाही. आणि आम्ही दोघी मिळून त्याच्याइतकं डोक्यात ठेवू शकत नाही."

सरांनी टेबलावरची खडूची पूड बोटाने एका बाजूला केली. मग म्हणाले, "अक्षयचं ठेवून नवीन तेवढं रस्टमध्ये लिहिता येईल. दोन्ही भाषा एकमेकींना हाका मारू शकतात. ते करून बघा आधी." आम्ही करून बघितलं. पण मेमरी वाटून देणारा भागच सगळ्यात खाली होता आणि तोच बिघडलेला होता. वर काहीही लिहिलं तरी ते त्याच्यावरच उभं राहणार. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे. घरी सांगितलंय का?"

घरी सांगितलं नव्हतं. आई मेथी निवडत होती तेव्हा मी सांगितलं. भाषा बदलायची म्हणजे काय, हे तिला समजावून सांगताना मी म्हटलं की पहिल्यापासून लिहावं लागेल. तिने मान वर केली नाही.

"आणि त्याचं?"

"त्याचं लॅपटॉपमध्ये राहील की. पुसणार नाहीये मी."

"राहील म्हंजे पडून राहील."

"आई, ते चालत नाहीये. सारखं बंद पडतंय."

"त्यानं लिहिलंय ना, तो बघील मग. तू कशाला हात लावते?" थोड्या वेळाने म्हणाली, "तो उठून बसला न म्हणाला, माझं कुठंय, तर मी काय सांगू त्याला?"

पाणी धरायला निघालेले नाना दारातच थांबले होते. ते म्हणाले, "त्यालाच इचार ना. घरातच हाय तो. तो नाय म्हणला तर नको लिहू." इतक्या महिन्यांत दादाला काही विचारायचं असतं, हे आमच्या कोणाच्या मनातच आलं नव्हतं. जेवतोस का, झोपतोस का, एवढंच विचारायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप पडवीत आणला. दादा खाटेवर बसला होता. आई खांबाला टेकून खाली बसली, नाना पायरीवर. मी दादाचं जुनं कोड उघडलं, अक्षरं मोठी केली आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने दोन्ही हात कडेला धरले, ताट धरावं तसे. बराच वेळ तो नुसता बघत होता. सीच्या ओळींवरून त्याची नजर घसरत होती. मग एका जागी थांबली. आईचं ते वाक्य त्याला दिसलं होतं. मराठी असल्यामुळे असेल, ते त्याला वाचता येत होतं. तो बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागला. "आई. हाक. मारतेय. जेवून येतो." दादाने वर बघितलं आणि तसाच नम्र हसला.

"कोणीतरी जेवायला गेलंय," तो म्हणाला.

आई उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांडी घासलेलीच होती, ती तिने परत घासायला घेतल्याचा आवाज येऊ लागला. नाना पायरीवरून उठले नाहीत. मी दादाला विचारलं, "दादा, हे कोणीतरी लिहिलेलं आहे, पण बंद पडतंय. मी हे बाजूला ठेवून दुसऱ्या भाषेत नवीन लिहू का?"

"लिही ना," तो म्हणाला. "मला काय विचारते?"

मी लॅपटॉप बंद केला. इथे मला काहीतरी वाटायला हवं होतं असं मला आजही वाटतं. वाटलं एवढंच, की त्याच्या मांडीवर लॅपटॉप तापला असेल.

रस्ट शिकणं सोपं गेलं नाही. पहिले कितीतरी दिवस कंपायलर आम्हाला काहीच बनवू देत नव्हता. हे याच्या ताब्यात आहे, ते तू आधीच देऊन टाकलंस, हे जिवंत राहील याची खात्री काय. फरहा चिडायची, पेन टाकून गच्चीवर जायची. मला त्या अडवण्याचा त्रास होत नव्हता. उलट, कोणीतरी प्रत्येक वेळी नेमकं कुठे चुकलं ते सांगतंय, आणि दुरुस्त केलं की तेवढं दुरुस्त राहतंय, याने मला दिवस ढकलता येत होते. घरी कशाचंच तसं नव्हतं. मशीन सुरू होताना लागणाऱ्या असेंब्लीच्या, म्हणजे जवळपास यंत्राच्याच भाषेतल्या, थोड्या ओळी मात्र दादाच्याच ठेवल्या. त्या कुठलीही भाषा घेतली तरी लागतातच, आणि त्याने त्या व्यवस्थित लिहिल्या होत्या.

आई माझ्याशी बोलायची तेवढं बोलायची. डबा भरून द्यायची. ते वाक्य वाच म्हणून ती परत कधी आली नाही. पण त्या दुपारनंतर तिच्यात एक फरक पडला, तो माझ्या उशिरा लक्षात आला. दादा बरा झाल्यावर, असं ती म्हणेनाशी झाली. त्याला वस्तूंची नावं सांगायला लागली. ही वाटी. हे उलथनं. लहान मुलाला सांगावं तसं नाही, नवीन सुनेला घर दाखवावं तसं. संध्याकाळी टीव्हीवरचं कापड काढलं गेलं. एक दिवस मिक्सर परत ओट्यावर आला.

प्रोजेक्ट पास झाला. परीक्षकांनी रस्ट का, एवढंच विचारलं, आणि मी सरांना दिलं होतं तेच उत्तर दिलं, दादाचं नाव न घेता. आमचं कर्नल फार काही करत नव्हतं. सुरू व्हायचं, अक्षरं दाखवायचं, दोन कामं आळीपाळीने चालवायचं. पण बंद पडत नव्हतं. सरांनी ते त्यांच्या टेबलावर दिवसभर चालू ठेवलं होतं.

परीक्षेनंतर एका सकाळी आई माझ्या खोलीत आली. "ते तुमचं," ती म्हणाली, "अक्षयला दाखवता येईल का? वाचायला नको देऊ. नुसतं दाबायला दे."

मी पडवीत कर्नल सुरू करून दिलं आणि दादाला म्हटलं, काहीही दाब. तो एक बटण दाबायचा, अक्षर उमटलं की थांबून बघायचा, मग दुसरं. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. आई आत पोहे परतत होती. मोहरीचा, कढीपत्त्याचा वास आला आणि भूक लागली. दादा दाबत राहिला. ओळीवर ओळ भरत गेली, पडदा भरला, आणि सगळ्या ओळी एक घर वर सरकल्या.

त्याचे हात थांबले.

"वरची ओळ कुठे गेली?" त्याने विचारलं.

"वर गेली. गेली म्हणजे, आता नाहीये ती."

"मला परत बघायची असली तर?"

मी पडद्याकडे बघितलं. वर सरकलेल्या ओळी आम्ही कुठेच ठेवत नव्हतो. आम्हाला, सरांना, परीक्षकांना, कोणालाच ते खटकलं नव्हतं.

"मग नाही बघता येणार," मी म्हटलं.

दादाच्या कपाळाला आठी पडली. ती मला ओळखीची होती. "असं कसं चालेल," तो म्हणाला. "ठेवायला पाहिजे ना ती कुठेतरी." आत झाऱ्याचा आवाज थांबला होता.

त्याच्या पुढे तो कधी गेला नाही, हे इथेच सांगून टाकते. आज तो माझ्याकडे राहतो, हे लिहिताना पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकतोय. कोड त्याने परत लिहिलं नाही. वाटीला वाटी म्हणतो, कधीकधी म्हणत नाही. पण त्या सकाळी त्याला आठी पडली आणि तो माझ्यावर वैतागला होता.

मी शेंगांची पाटी बाजूला ठेवून फरहाला फोन लावला. ती झोपेत होती. मी म्हटलं, "आपल्या कर्नलमध्ये एक चूक निघालीय. वर गेलेल्या ओळी आपण ठेवतच नाही."

"परीक्षा झाली ना आता," ती म्हणाली. मग तिचा आवाज जरा जागा झाला. "पण आपल्याला दिसलं कसं नाही हे? कोणी पकडलं?"

हिरडीतलं इंजेक्शन उतरताना गाल परत आपला व्हायला लागतो, तसं काहीतरी होत होतं आणि ते इतक्या दिवसांनी होत होतं की मला आधी कळलंच नाही काय होतंय. फरहा थांबून राहिली. आई कढईसकट दारात येऊन उभी होती.

"दादानं," मी म्हटलं.